सहलीसाठी एक परदेशी पाहिजे

आमच्या सिवा गावात उंट नाहीत. वाळवंट म्हटलं की लोकांना उंट आठवतो, त्यामुळे बाहेरून आलेला प्रत्येक पाहुणा बसमधून उतरल्या उतरल्या उंट शोधतो आणि त्याला गाढव दिसतं. आमचा सगळा कारभार गाढवगाडीवर चालतो. याचा एक तोटा असा, की इतर गावांतले शहाणे उंटावर बसलेले असतात, आमचे गाढवावरून येतात आणि थेट आपल्या कानाच्या पातळीवर बोलतात. माझा शेजारी सनूसी हा त्यांच्यातला अग्रगण्य. पण त्याच्याकडे नंतर वळतो, कारण सुरुवात त्याने केली नव्हती. सुरुवात भाकरीने केली.

माझी बायको मब्रूका सहलीच्या जीपवाल्यांसाठी भाकऱ्या भाजते. जगाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात, आमच्या गावात मुक्काम टाकतात आणि दुपार कलली की जीपमध्ये बसून वाळूच्या टेकड्यांकडे निघतात. तिथे ती वाळूवरून घसरतात, गरम पाण्याच्या झऱ्यात डुंबतात, सूर्य मावळताना बघतात आणि मग भूक लागली की मब्रूकाची भाकरी खातात. आम्ही गावकरी तिकडे फिरकत नाही. जीपवाले तेवढे पोटासाठी जातात. बाकी पुरुष खजुराच्या बागेत जातात, बायका तिथेही क्वचित जातात. टेकड्यांवर आहे काय? वाळू. ती काय घरात कमी आहे?

तर एका दुपारी टोपलीत भाकऱ्या रचता रचता मब्रूका म्हणाली, "माझी भाकरी रोज तिकडे जाते. मी नाही कधी गेले."

तक्रार नव्हती ती. ऊन आहे म्हणावं, तसं म्हणाली. पण मी पडलो भूगोलाचा मास्तर. वाळूच्या टेकड्या कशा तयार होतात, वारा त्यांना कसा पुढे ढकलतो, हे मी इतकी वर्षं मुलांना शिकवत आलो. मी स्वतः त्या टेकड्या फक्त खडूने चढलो होतो, ही गोष्ट वेगळी.

"त्यात काय? नेतो की!" मी म्हणालो.

तिने टोपली खाली ठेवली. "खरंच?"

"अगं, खरंच म्हणजे काय!"

आमच्याकडे बायका रस्त्यात गप्पा मारत नाहीत, गच्चीवर मारतात. त्यामुळे गावातली बातमी वरून पसरते आणि मग पुरुषांच्या डोक्यावर पडते. संध्याकाळी मी चहाच्या दुकानात गेलो तर सनूसी गाढवावरून न उतरताच ओरडला, "काय मास्तर, वहिनींना घेऊन सूर्यास्ताला म्हणे!" आणि सगळं दुकान माझ्याकडे वळून बघायला लागलं. म्हणजे आता माघार घेणं संपलं होतं.

टेकड्यांवर जायला परवाना लागतो. परवान्याच्या कचेरीत फतूह नावाचे कारकून बसतात. ते नाईलकाठचे, बदलीवर आलेले, आणि वाळवंट ही आपल्याला झालेली शिक्षा आहे असं त्यांचं मत आहे.

"किती परदेशी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"एकही नाही. मी आणि घरचे."

"घरचे कुठले?"

"घरचे... घरातलेच. इथलेच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, तुम्ही सिवाचे. सिवाचा माणूस वाळवंटात कशाला जाईल?"

"बघायला."

"काय बघायला?"

"सूर्यास्त."

"तो तुमच्या गच्चीवरून दिसत नाही का?"

"दिसतो."

"मग?"

या 'मग'ला भूगोलात उत्तर नाही. फतूहसाहेब पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पलीकडे सरहद्द आहे. खरं सांगा, सिगारेटी आहेत का?"

"अहो, मी भूगोल शिकवतो!"

"म्हणजे वाटा ठाऊक आहेत," ते म्हणाले आणि माझ्याकडे नव्या आदराने बघायला लागले. ज्या माणसाने आयुष्यात शाळेचा खडूसुद्धा घरी नेला नाही, त्याला तस्कर समजलं जावं, याचं मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोला.

शेवटी त्यांना माझी दया आली. "असं करा, एक परदेशी घेऊन या. परदेशी सोबत असला की ती सहल होते. परदेशी नसला की ती हालचाल होते. हालचालीला माझ्याकडे शिक्का नाही."

मी घरी आलो तेव्हा मब्रूका नवा झगा उन्हात टाकत होती. मी तिला सांगितलं की काम जवळजवळ झालंय, फक्त एक परदेशी राहिलाय.

आता ऑगस्टमध्ये सिवात परदेशी कुठून आणायचा? हिवाळ्यात ते गाढवगाडीच्या चाकाखाली येतात, पण ऑगस्टच्या उन्हात शहाणा माणूस इकडे येत नाही. गावात एकच परदेशी शिल्लक होता. यारदा. हा चेक देशातला म्हातारा, पूर्वी मधमाश्या पाळायचा. थंडीत वाळवंट बघायला म्हणून आला, पहिल्याच दिवशी चहाच्या दुकानात डोमिनो खेळायला बसला आणि तो उठलाच नाही. वाळवंट त्याने अजून पाहिलं नव्हतं. आमची भाषा त्याला डोमिनोवाल्यांनी शिकवली, त्यामुळे त्याला धड नमस्कार घालता येत नाही, पण 'तुझा बाप तरी खेळला होता का कधी' हे तो अस्खलित म्हणतो.

"वाळू?" यारदा म्हणाला. "वाळू मला रोज बुटात मिळते. आणि हलणाऱ्या गाडीत माझं पोट उलटतं. मी येणार नाही."

मी त्याला जेवायला बोलावलं. आमच्याकडे वाळूत निखारे पुरून त्यावर कोंबडी पुरतात आणि वरून पुन्हा वाळू टाकतात. अशी कोंबडी खाल्लेला माणूस नाही म्हणू शकत नाही. यारदाने एक कोंबडी, मब्रूकाच्या चार भाकऱ्या आणि वाडगाभर जैतुनाचं लोणचं संपवलं, बोटं चाटली आणि विचारलं, "म्हणजे तुझ्या बायकोला तुमचंच वाळवंट बघायला मी लागतो?"

"हो."

"मला वाटायचं, असली सरकारं फक्त आमच्याकडे होती," तो म्हणाला आणि तयार झाला.

परवाना मिळाला. एकाच दिवसाचा. प्रवासी म्हणून यारदा, वाटाड्या म्हणून मी. सहलीत बायको हा प्रकार कुठे बसत नव्हता, म्हणून फतूहसाहेबांनी मब्रूकाला स्वयंपाकीण केलं. मब्रूकाच्या बहिणीचा मुलगा हम्मू जीप चालवतो, त्याने त्या दिवसापुरती जीप मोकळी ठेवली. आता काही बिघडायला जागाच उरली नव्हती, असं कुणालाही वाटलं असतं. पण सनूसीला तसं वाटलं नाही.

"मास्तर," तो गाढवावरून म्हणाला, "जीप वाळूत रुतणार. रुततेच. ढकलायची सवय आहे का?"

"हम्मू आहे की."

"हम्मू स्टिअरिंगवर बसणार. परदेशी ओकणार. वहिनींना ढकलायला लावणार का?"

शहाण्या माणसाचं वाईट हे असतं की त्याचं म्हणणं ऐकताना बरोबर वाटतं. सनूसीने आपली गाडी आमच्या घरामागच्या वाळूत घातली, तीवर मिठाची पोती चढवली, गाढव जुंपलेलंच ठेवलं आणि मला मागून ढकलायला लावलं. "जोर खांद्यातून नाही, कमरेतून!" तो सावलीत बसून सांगत होता. मी कमरेतून जोर लावला. गाढवाने मागे वळून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चारी पाय रोवले. त्या सगळ्या मंडळींत अक्कल असलेलं तेवढंच एक होतं. माझ्या कमरेत कडकन काहीतरी झालं आणि मी जो वाकलो तो वाकलेलाच राहिलो.

मला त्याच गाडीतून घरी नेलं. गाडी तेव्हा व्यवस्थित चालली.

पाठीवर आमच्याकडे एकच औषध. उन्हाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी वाळू तापली की दुखणेकऱ्याला तीत गळ्यापर्यंत पुरतात. दूरदूरच्या शहरांतून लोक त्यासाठी येतात. हे काम करणारे शेख मासूद यांनी मला खड्ड्यात आडवं केलं आणि फावड्याने वाळू लोटली. कोंबडी आणि मास्तर यांच्यावर गावाने एकच उपाय शोधून ठेवला आहे, हा विचार मला त्या वेळी पहिल्यांदा सुचला. कोंबडी निदान आधी मेलेली असते. मी घामाने निथळून बाहेर आलो तेव्हा मात्र खरंच सरळ उभा राहिलो.

"आता नीट ऐका," शेख मासूद मला चादरीत गुंडाळत म्हणाले. "आठवडाभर वारा लागता कामा नये. पंखा नाही, गार पाणी नाही. उघड्यावर जायचं नाही."

"परवा माझी सहल आहे."

"उघड्या अंगाला वारा लागला तर सांधे धरतील. खुर्चीसारखे राहाल जन्मभर. लोक येऊन बसतील."

घरी येऊन मी मब्रूकाला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग दोरीवरचा नवा झगा काढला, घडी घातली आणि पेटीत ठेवायला निघाली. जाता जाता म्हणाली, "राहू दे. वाळूच तर आहे."

ती भांडली असती तर मी भांडलो असतो. पण ती इतक्या सहज म्हणाली, जणू तिला आधीपासून ठाऊकच होतं की हे व्हायचं नाही. मला ते फार लागलं. पुन्हा परवाना, पुन्हा फतूह, पुन्हा कोंबडी, हे सगळं होईपर्यंत शाळा सुरू होणार आणि 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत आम्ही म्हातारे होणार. आणि गच्चीवरच्या बायका तिला विचारणार, कसा होता गं सूर्यास्त?

"झगा बाहेर काढ," मी ओरडलो. "जायचंय!"

सनूसीने भिंतीपलीकडून सल्ला दिला, "वारा लागायचा नाही ना? काचा बंद ठेवा!" हा त्याचा पहिला सल्ला होता जो मी विचार करून मानला. म्हणून जास्त महागात पडला.

ठरल्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. पुढे हम्मू आणि यारदा. मागे मब्रूका, तिच्या निळ्या पट्ट्यांच्या जाड चादरीत नखशिखांत झाकलेली, जशा आमच्या बायका बाहेर पडताना असतात. तिच्या शेजारी मी, दोन लोकरी घोंगड्यांत, डोळे तेवढे उघडे. काचा बंद. थंड हवेचं यंत्र बंद. ऑगस्ट चालू.

"काका," हम्मू थोड्या वेळाने म्हणाला, "एक बोटभर काच उघडू?"

"खुर्ची होईन मी."

"मग मी डाळ होईन, शिजतोय."

यारदा आधी लाल झाला, मग पांढरा, मग त्याच्यावर एक हिरवट छटा आली. गावाबाहेर पडून रस्ता जरा खडबडीत झाला तसा तो काचेवर कपाळ टेकून कण्हायला लागला. "घरी," तो म्हणत होता. "मला घरी सोडा."

नेमक्या याच अवस्थेत आम्ही चौकीवर पोचलो.

चौकीवरचा अधिकारी तरणा होता. त्याने परवाना घेतला, मग जीपमध्ये वाकून पाहिलं. त्याला काय दिसलं ते मला आज नीट कळतं. सरहद्दीकडे तोंड करून निघालेली, काचा लावलेली एक जीप. तीत घरी सोडा म्हणून विनवणी करणारा एक परदेशी म्हातारा. एक चादरीतली व्यक्ती. आणि ऑगस्टमध्ये दोन घोंगड्यांत लपलेला, घामाने डबडबलेला एक माणूस, ज्याचे फक्त डोळे दिसतायत.

"खाली उतरा," अधिकारी म्हणाला.

"उतरता येत नाही," मी घोंगडीतून म्हणालो. "वारा आहे."

त्याचा हात कमरेकडे गेला. दोन शिपाई धावत आले. मी ओरडून सांगितलं की मी भूगोलाचा मास्तर आहे, मला नुकतंच पुरलं होतं. याने काही फरक पडला नाही. अधिकाऱ्याने यारदाकडे वळून हळू, प्रेमाने विचारलं, "साहेब, तुम्ही स्वतःच्या मर्जीने वाळवंटात निघालाय ना?"

यारदा प्रामाणिक माणूस. "नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला जायचंय का?"

"अजिबात नाही. त्यांनी मला कोंबडी खायला घातली."

अधिकाऱ्याने शिपायांकडे पाहिलं. हम्मूने स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. इतक्या वर्षांची माझी अब्रू घोंगडीच्या आत विरघळत होती आणि मला ती सावरायला हातही बाहेर काढता येत नव्हता. मला वाटलं, झालं. तोंडाशी आलं आणि संपलं.

तेव्हा मब्रूका बोलली.

आमच्याकडे बाई परक्या पुरुषाशी बोलत नाही. त्यात तो गणवेशातला, बाहेरगावचा. मीच इतका दचकलो की घोंगडी खाली घसरली.

"साहेब, मला जायचंय," ती चादरीतून म्हणाली. "यांना नाही. त्या म्हाताऱ्यालाही नाही. मला. म्हाताऱ्याला परवान्यासाठी आणलाय, परदेशी नसला तर शिक्का मारत नाहीत. आणि हे माझे मालक. पाठ धरली म्हणून गुंडाळलेत."

अधिकारी गडबडला. बाईच्या चादरीकडे बघावं की आकाशाकडे, हे त्याला कळेना. त्याने आकाश निवडलं. "बाई, तिकडे काही नाही हो. नुसती वाळू आहे."

"मग रोज इतक्या जीपा कशाला सोडता? त्यांच्या डब्यात भाकरी असते ती मी भाजते. माझ्या हाताची भाकरी रोज ही चौकी ओलांडते. मला एकदा ओलांडू द्या."

अधिकारी आकाशाकडे बघतच म्हणाला, "वर तीळ लावलेली?"

"तीळच."

जीपवाले जाता येता चौकीवर एक-दोन भाकऱ्या ठेवतात, हे मला हम्मूने नंतर सांगितलं. अधिकाऱ्याने परवाना उलटा केला, सुलटा केला. "पण कागदावर हा माणूस फिरायला निघालाय," तो जरा केविलवाण्या आवाजात म्हणाला. "आणि याला फिरायचं नाही."

"चौकीत डोमिनो आहे का?" यारदाने काचेवरून कपाळ न उचलता विचारलं.

डोमिनो होतं. वाळवंटातली चौकी ती, दुसरं काय असणार? अधिकाऱ्याने बराच विचार करून निकाल दिला, की परवान्यावरचा परदेशी सरकारच्या नजरेसमोर सुरक्षित आहे, तेव्हा त्याचा वाटाड्या आणि त्याची स्वयंपाकीण जरा पुढे जाऊन आली तर कायद्याची हरकत नसावी. यारदा खाली उतरला, दोन श्वास घेतले आणि चौकीत शिरता शिरता एका शिपायाला म्हणाला, "तुझा बाप तरी खेळला होता का कधी?"

पुढे हम्मूने चाकांतली थोडी हवा सोडली आणि जीप टेकडीवर घातली. वर, वर, वर, आणि मग एकदम खाली. मब्रूकाने किंकाळी फोडली आणि माझी मांडी पकडली.

"मावशी, हळू घेऊ?" हम्मूने घाबरून विचारलं.

"पुन्हा घे!" मब्रूका म्हणाली.

पाच-सात टेकड्यांनंतर हम्मूने एका उंच माथ्यावर जीप थांबवली आणि चुलीसाठी सरपण काढून तो पलीकडच्या उतारावर चहा करायला गेला. मब्रूका उतरली. दार झटकन लावून घेतलं, मला वारा लागू नये म्हणून. मी आत राहिलो. काचेवर माझ्याच घामाची वाफ धरली होती. घोंगडीच्या टोकाने ती पुसत पुसत मी बायको बघत होतो.

तिने चपला काढल्या. आजूबाजूला कुणी नाही असं बघून चादर डोक्यावरून मागे टाकली आणि नुसती उभी राहिली. सूर्य खाली येत होता, तिचा नवा झगा वाऱ्याने फडफडत होता. सूर्यास्त तिने फारसा पाहिलाच नाही. ती खाली बसली, झगा आवरला आणि वाळूवरून सरळ घसरत गेली. माझी बायको! लेकींची लग्नं झालेली बाई! मी घाबरून काच पुसली. काही वेळाने ती धापा टाकत वर आली आणि पुन्हा घसरली. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी एकटाच घोंगडीत बसून दोन्ही करत होतो.

तिसऱ्यांदा वर आली ती थेट जीपकडे. चेहरा लाल, केसांत वाळू. काचेजवळ तोंड आणून ती मला काहीतरी सांगायला लागली. हातवारे करून, डोळे मोठे करून, अगदी कळकळीने. काचेतून मला एक अक्षर ऐकू येईना. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला असं भरभरून काही सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. मी खुणेने विचारलं, काय? तिने पुन्हा सांगितलं, आणखी जोरात. मी कानाला हात लावला. ती पुन्हा बोलली.

मी शेख मासूदांचा विचार केला. खुर्चीचा विचार केला. मग म्हटलं, झालो खुर्ची तर झालो, पण हे ऐकायचं राहून गेलं तर काय उपयोग? मी दोन्ही घोंगड्या फेकल्या, दार ढकललं आणि घामाने चिंब अंगाने त्या वाऱ्यात उभा राहिलो.

"काय? काय म्हणतेस?"

मब्रूकाने कपाळाला हात लावला. "अहो, कधीची ओरडतेय, दार उघडू नका म्हणून! वारा सुटलाय!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. वारा चांगलाच सुटला होता, शर्टातून आरपार जात होता, आणि खरं सांगतो, तीन दिवसांत इतकं सुख मला झालं नव्हतं. माझी कंबर ताठ होती की वाकडी, मला आठवत नाही.

"आता लागायचा तो लागलाच," ती म्हणाली आणि माझा हात धरून टेकडीच्या कडेला नेलं. "बसा. पाय पुढे करा. मी मागून ढकलते."